एकच शर्ट, कुजकी हाडं आणि टेक्ससचा उन्हाळा

दोन अंकांपूर्वी या सदरात मी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या आडगावांत, तुटपुंज्या पैशांत काढलेल्या 'स्लॅशर' सिनेमांबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. स्लॅशर म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एक खुनी, बहुधा मुखवट्यातला, हातात चाकू, सुरा नाहीतर करवत, आणि एकामागून एक संपणारी तरुण पोरं. त्या चार ओळींवर आलेली पत्रं एवढी आहेत की संपादकांनी या वेळचं सगळं सदर त्यांनाच देऊन टाकलं. जुन्या संगीतकारांबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी कृपया एक महिना कळ काढावी.

'द टेक्सस चेन सॉ मॅसकर' ही सत्यघटना आहे असं पोस्टरवर छापलं होतं म्हणतात. यावरून माझी आणि माझ्या मेव्हण्याची पैज लागली आहे. तो म्हणतो खरं, मी म्हणतो थाप. — एक वाचक, चिपळूण

मेव्हण्याकडून पैसे वसूल करा, पण सगळे नकोत. थोडे त्यालाही सोडा.

एक विकृत कुटुंब, त्यातला कातडीचा मुखवटा घातलेला करवतवाला आणि एकामागून एक मरणारी पोरं: टेक्ससमध्ये असं काही घडलेलं नाही. सिनेमा सुरू होताच पडद्यावर 18 ऑगस्ट 1973 ही तारीख येते. चित्रीकरण सुरू झालं त्याच वर्षीच्या जुलैच्या मध्यावर. म्हणजे जी घटना 'घडून गेली' म्हणून सांगतात, तिच्या महिनाभर आधीच कॅमेरा फिरायला लागला होता! दिग्दर्शक टोब हूपर आणि त्याचा सहलेखक किम हेन्कल यांनी धागा घेतला तो एड गीनचा. हा माणूस विस्कॉन्सिन राज्यातल्या प्लेनफील्ड गावचा. 1957 साली पकडला गेला. दोन खुनांची कबुली, शिवाय थडगी उकरून आणलेली प्रेतं, त्यांच्या कातडीचे मुखवटे. तेवढा मुखवटा खरा. करवत खोटी, कुटुंब खोटं. आणि विस्कॉन्सिन तर पार उत्तरेला, जिथे हिवाळ्यात तळी गोठतात.

करवतीची गोष्ट हूपर स्वतः सांगायचा. नाताळच्या गर्दीत तो एका दुकानात अडकला होता, समोर विक्रीला मांडलेल्या यांत्रिक करवती दिसल्या, आणि मनात आलं की ही चालू केली तर गर्दी कशी झटकन वाट देईल. अर्धा सिनेमा त्याला तिथेच सुचला म्हणे. दादरला दिवाळीच्या आदल्या दिवशी जो अडकलाय त्याला हूपर वेडा वाटणार नाही.

मी कोल्हापुरात शिकतो. आम्ही मित्र मिळून चाळीस हजारांत भयपट करतोय. एवढ्या कमी पैशांत भीती कशी उभी करायची? तुम्ही लिहिलेल्या सिनेमांनी ती कशी केली? — एक विद्यार्थी

तुझं पत्र वाचून मला माझे वडील आठवले. ते टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. सातारा-सांगलीकडच्या जत्रांतून तंबू हिंडायचा आणि मी सुट्टीत त्यांच्या मागे. 16 मिलिमीटरची फिल्म मोठ्या पडद्यावर टाकली की चित्र कसं होतं हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. वडील म्हणायचे, "मुंग्या आल्या." म्हणजे दाणे दिसायला लागले.

हूपरचा सिनेमा अशा मुंग्या आलेल्या चित्राचाच आहे. 35 मिलिमीटर परवडत नव्हतं म्हणून 16 वर शूट केलं आणि नंतर मोठं करून थिएटरात लावलं. आकडा कोणी 80 हजार डॉलर सांगतं, कोणी 1 लाख 40 हजार. कसंही धरलं तरी हॉलिवूडच्या हिशेबात ही चहा-बिस्किटांची रक्कम. आता पुढची साखळी नीट बघ. घेतलेली फिल्म मंद होती, तिला उजेड फार लागायचा. उजेड म्हणजे दिवे, दिवे म्हणजे उष्णता. बाहेर मध्य टेक्ससचा जुलै-ऑगस्ट, पारा 38 अंशांच्या वर. शेवटचा जेवणाचा प्रसंग रात्रीचा आहे, पण तो दिवसाही चालू ठेवायचा म्हणून खिडक्यांवर काळं कापड ठोकलं. हवा बंद. टेबलावर खरं अन्न, भोवती कलादिग्दर्शक रॉबर्ट बर्न्सने गोळा केलेली खरी हाडं नि मेलेली जनावरं. दिव्यांखाली ती सगळी कुजायला लागली. लोक बाहेर जाऊन ओकत होते आणि परत आत येऊन काम करत होते.

हे सगळं त्यांनी एका दमात का उरकलं? तर आजोबाची भूमिका करणारा जॉन ड्युगन विशीतला पोरगा होता. त्याला म्हातारा करायला तासन्‌तास रंगवावं लागलं, आणि त्याने सांगितलं की हे मी पुन्हा करणार नाही. मग आजोबा ज्या ज्या प्रसंगात आहे ते सगळे एकाच बैठकीत. पंचवीस तासांहून जास्त चालली ती. करवतवाला 'लेदरफेस' झालेला गनर हॅन्सन, मूळचा आइसलंडचा, धिप्पाड माणूस. त्याच्याकडे शर्ट एकच. तोही रंगवलेला, धुतला तर रंग जाईल म्हणून महिनाभर धुतला नाही. शेवटी शेवटी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या शेजारी कोणी बसेना.

पडद्यावर नायिका झालेल्या मॅरिलिन बर्न्सचे डोळे बघ. ती किंचाळते तेव्हा आपल्याला अभिनय दिसत नाही, कारण बराचसा तो नाहीच.

आता यातून तू काय घ्यायचं? कुजकं मटण घेऊ नकोस. हूपरच्या सेटवर त्या बाईचं बोट खरंच कापलं गेलं. नकली रक्ताची नळी तुंबली होती, हॅन्सन वैतागला आणि त्याने चाकूच्या पात्यावरची पट्टी काढून टाकली. याच्या गोष्टी लोक कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुक दिसत नाही. चाळीस हजारांत कुणाचं बोट येत नाही.

घ्यायचं ते वेगळं आहे. एक तर हा सिनेमा रक्त जवळजवळ दाखवत नाही. मुलीला आकड्याला टांगतात तो प्रसंग लोकांना आठवतो तो आकडा पाठीत शिरताना दिसल्यासारखा. परत लावून बघ. शिरताना दिसत नाही. खाली बादली दिसते, तिचा चेहरा दिसतो, बाकी आपण भरतो. हूपरला तर आशा होती की इतकं कमी दाखवल्यावर मुलांनाही पालकांबरोबर बघता येईल असं प्रमाणपत्र मिळेल! मिळालं नाही. ब्रिटनमध्ये 1975 साली सेन्सॉरने प्रमाणपत्रच नाकारलं, आणि ते मिळायला 1999 उजाडलं. कापायचं काय हेच त्यांना सापडेना, कारण भीती एखाद्या तुकड्यात नव्हती.

दुसरं, आवाज. हूपर आणि वेन बेल यांनी संगीत म्हणून जे केलंय ते गुणगुणता येत नाही. सुरुवातीला काळोखात कॅमेऱ्याच्या फ्लॅशबरोबर एक किरकिरता आवाज येतो, गंजलेलं दार कुणी मनाविरुद्ध उघडतंय तसा. तुझ्याकडे मोबाइल आहे. रंकाळ्यावर नको जाऊस, तिथे सगळेच जातात. एखाद्या बंद पडलेल्या गुऱ्हाळात जा आणि नुसतं रेकॉर्ड करून आण.

आणि तिसरं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्या सिनेमात पोरांच्या गाडीत बसलेला विचित्र माणूस कत्तलखान्याबद्दल बोलतो. जुन्या पद्धतीने घणाने गुरं मारायचे, आता नवी हवेची बंदूक आलीय, लोकांची कामं गेली. पेट्रोल पंपावर पेट्रोल नाही, म्हणून पोरं त्या गावातून हलू शकत नाहीत. 1973 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पेट्रोलची चणचण खरोखर जाणवू लागली होती. ऑक्टोबर 1974 मध्ये सिनेमा लागेपर्यंत प्रेक्षक स्वतः पंपावरच्या रांगांत उभे राहून आले होते. म्हणजे राक्षस आकाशातून पडलेला नाही, काम गेलेल्या घरातून आलाय. तुझ्या भागात काय बंद पडलंय ते आधी बघ. मुखवटा नंतर शोध.

पैशाचं शेवटचं. या सिनेमाने एकट्या अमेरिकेत 3 कोटी डॉलरहून जास्त गल्ला केला, पण कलाकारांच्या हाती चिल्लर आली. त्यांना मेहनतान्याऐवजी टक्के दिले होते, ते टक्के ज्या कंपनीचे होते तिचीच मालकी निम्म्याच सिनेमावर होती, आणि वितरकाने हिशेब नीट दिला नाही. प्रकरण कोर्टात गेलं. तुम्ही चौघं मित्र आहात म्हणून कागद करत नसाल, तर आज संध्याकाळी करा.

माझा मुलगा ऑगस्टमध्ये टेक्ससला एमएस करायला जातोय. त्याच्या मोठ्या भावाने मुद्दाम त्याला हे सिनेमे दाखवले. मला झोप नाही. हे लोक नेहमी दक्षिणेकडचीच गावं का दाखवतात? तिथे खरंच असं वातावरण असतं का? — एक आई, डोंबिवली

ताई, निवांत झोपा. मोठ्याला मात्र दोन दिवस भांडी घासायला लावा.

ज्या टेकडीवर करवतीच्या सिनेमातलं ते भयंकर घर उभं होतं ती क्विक हिल, ऑस्टिनच्या उत्तरेला राउंड रॉक गावाजवळ. माझी लेक गेली आठ वर्षं त्याच राउंड रॉकमध्ये राहते. घराच्या जागी आता ला फ्रॉन्टेरा नावाची वसाहत आहे, दुकानं, कचेऱ्या, पार्किंग. सिनेमाच्या सुरुवातीची दफनभूमी लीअँडरला आहे, आणि लीअँडरमध्ये आज आपली इतकी माणसं आहेत की लेकीला चकलीची भाजणी तिथल्या मैत्रिणीकडून मिळते. तुमच्या मुलाला तिथे भीती वाटेल ती उन्हाची आणि घरभाड्याची.

दक्षिणच का, याची कारणं निम्मी हिशेबाची आहेत. त्या भागात शूटिंग स्वस्तात व्हायचं, स्टुडिओवाल्यांचे नि युनियनचे नियम लांब राहायचे, शेतातलं जुनं घर भाड्याने मिळायचं आणि गावकरी हौसेने कॅमेऱ्यापुढे उभे राहायचे. शिवाय सिनेमा लावायला ड्राइव्ह-इन थिएटरं होती. मोकळ्या मैदानात मोठा पडदा आणि गाडीत बसलेले प्रेक्षक. वांद्र्याला आपल्याकडेही एकेकाळी असं एक होतं. तरुण जोडपी तिथे सिनेमा बघायला जायची असं नाही, पण किंकाळी आली की जवळ सरकायला बरं.

उरलेलं निम्मं कारण जुनं वैर आहे. उत्तरेकडच्या शहरी माणसाला वाटतं की दक्षिणेत रस्ता चुकलो तर संपलो. उत्तर आणि दक्षिणेतलं यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं, पण ही समजूत संपली नाही. हर्शेल गॉर्डन लुइस या शिकागोत जाहिराती करणाऱ्या गृहस्थाने 1964 साली यावरच अख्खा सिनेमा काढला, 'टू थाउजंड मॅनिअक्स'. उत्तरेचे सहा प्रवासी खोट्या पाटीमुळे एका गावात वळतात. गावात उत्सव आहे. युद्धात गाव जाळल्याची शंभरी. पाहुण्यांना सत्काराने बसवतात आणि एकेकाला मारतात, बँड वाजवत. एकाला आतून खिळे ठोकलेल्या पिंपात घालून टेकडीवरून सोडतात. फ्लोरिडातल्या सेंट क्लाउड गावात हे चित्रित झालं आणि गावकरीच गर्दीत आहेत, हसतायत, झेंडे हलवतायत. अभिनय म्हणाल तर शाळेच्या गॅदरिंगचा. शीर्षकगीत गायला कोणी परवडेना किंवा पटेना, तर लुइसने स्वतःच गायलं. पण गावजेवणात सगळं गाव मिळून हसतमुखाने वाईट वागतंय, ही कल्पना अजून अंगावर येते. मला तर करवतीपेक्षा जास्त.

टेक्सारकानाच्या सिनेमाबद्दल लिहा ना. तिथे म्हणे गावात खुनी होता आणि गावच त्यावरचा सिनेमा दरवर्षी बघतं? — एक वाचक, नागपूर

होय, हे खरं आहे, आणि मला यावर दोन मनं आहेत.

टेक्सारकाना हे दोन राज्यांच्या सीमेवरचं गाव. मधल्या रस्त्याचं नावच स्टेट लाइन अव्हेन्यू. अलीकडे आर्कान्सा, पलीकडे टेक्सस, आणि केंद्र सरकारची कचेरी बरोबर रेषेवर. 22 फेब्रुवारी ते 3 मे 1946 एवढ्या अवधीत इथे आठ जणांवर हल्ले झाले, पाच मेले. पहिल्या हल्ल्यातून वाचलेल्यांनी सांगितलं की तोंडावर पांढऱ्या कापडाची पिशवी होती, डोळ्यांना भोकं. स्थानिक वर्तमानपत्राने त्याला 'फँटम' म्हटलं. लोकांनी खिडक्यांना खिळे मारले, बंदुका घेतल्या, संध्याकाळनंतर रस्ते ओस पडले. टेक्सस रेंजर्स या राज्याच्या पोलीस दलाचा नावाजलेला कॅप्टन गोन्झाउलस तपासाला आला. खुनी आजतागायत सिद्ध झालेला नाही.

तीस वर्षांनी, 1976 मध्ये, चार्ल्स पीअर्स या आर्कान्सात वाढलेल्या माणसाने 'द टाऊन दॅट ड्रेडेड सनडाऊन' काढला. पीअर्सची गोष्टच वेगळी. आधी तो टेक्सारकानात जाहिराती करायचा. जवळच्या फाउक गावात केसाळ प्राणी दिसतो अशी बोलवा होती, तिच्यावर त्याने 1972 मध्ये 'द लेजंड ऑफ बॉगी क्रीक' केला. पैसे एका स्थानिक ट्रक-ट्रेलरवाल्याकडून उसने घेतले. ज्यांनी प्राणी पाहिला म्हणून सांगितलं त्या गावकऱ्यांनाच कॅमेऱ्यापुढे उभं केलं. वितरक मिळेना तर स्वतः थिएटर भाड्याने घेऊन लावला, आणि बाहेर रांगा लागल्या. आपल्याकडे तंबूवाले हेच करायचे: जागा भाड्याने, तिकीट आपलं, नशीब आपलं.

तर याच पीअर्सने आपल्याच गावचे खून घेतले. ऑस्करविजेता बेन जॉन्सन रेंजरच्या भूमिकेत, आणि बावळट शिपाई स्वतः पीअर्स! पिशवीतला खुनी अतिशय चांगला जमलाय. नुसता श्वास ऐकू येतो आणि कापड आत-बाहेर होतं. पण मध्येच पीअर्सला वाटतं की लोक कंटाळले, मग तो पोलिसांची विनोदी पळापळ घालतो. तीही मी सोडून दिली असती. जे मला सोडवत नाही ते ट्रोम्बोन या लांब नळीच्या वाद्याचं. खऱ्या प्रकरणात मेलेल्या एका मुलीकडे सॅक्सोफोन होता, ती बँडमध्ये वाजवायची. तिच्या मृत्यूनंतर तो कित्येक महिने सापडत नव्हता. सिनेमात त्या सॅक्सोफोनचा ट्रोम्बोन झाला, त्याच्या पुढे चाकू बांधला, आणि खुनी तो वाजवत वाजवत मुलीला भोसकतो. प्रेक्षक हसतात. 1976 मध्ये त्या मुलीच्या वर्गातली माणसं पंचेचाळिशीची असतील, त्याच गावात, त्याच थिएटरात.

आणि तरीही गाव बरीच वर्षं ऑक्टोबरअखेरीस हा सिनेमा स्प्रिंग लेक पार्कमध्ये मोकळ्यावर लावतं. एका खुनाची जागा त्याच परिसरातली. लोक सतरंज्या, खुर्च्या, पोरंबाळं घेऊन येतात. आधी मला हे किळसवाणं वाटलं. मग लक्षात आलं की आमच्या गावातही पडक्या वाड्यातल्या खुनाची गोष्ट आजी आम्हाला त्याच वाड्याच्या ओट्यावर बसवून सांगायची. आम्ही ऐकायचो आणि शेंगा खायचो. ज्यांच्या घरचं माणूस गेलं होतं ते मात्र त्या ओट्यावर कधी आले नाहीत. टेक्सारकानातही अशी काही घरं असतील, जिथे त्या संध्याकाळी दिवे लवकर मालवतात.

तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने हा गलिच्छ प्रकार मासिकात आणावा याचं वाईट वाटलं. बायकांना कापण्यात कसली कला? — एक निवृत्त शिक्षिका, वाई

बाई, या जातीचे दहातले आठ सिनेमे तुम्ही म्हणता तसेच आहेत. मीच ते अर्ध्यावर सोडलेत. उरलेल्या दोघांसाठी लिहितो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने करवतीच्या सिनेमाची प्रत कायमच्या संग्रहात ठेवलीय, पण ते तुम्हाला पटवायला सांगत नाही. संग्रहालयंही चुकतात. तुमचा आक्षेप कायम असू द्या.

नकली रक्त कशाचं करतात? — एक वाचक, बार्शी

हूपरच्या सेटवर मक्याचं गोड सिरप आणि रंग. मुंग्या लागतात, या खऱ्या. लुइसने मायामीत आपलं रक्त खास बनवून घेतलं होतं आणि त्यात जुलाबावरचं एक औषध होतं. तोंडातून रक्त ओकायचं असलं तर नटाच्या पोटाला अपाय नको, म्हणून ते बरंच.

तुम्ही त्या जागा स्वतः पाहिल्यात का? — बरेच जण

दोन. करवतीच्या सिनेमातलं ते घर 1998 मध्ये तुकडे करून किंग्सलंडला नेलं, राउंड रॉकपासून गाडीने सव्वा तासावर. आता तिथे खाण्यापिण्याचं हॉटेल आहे. पांढरं, नीटनेटकं, जाळीदार कठड्याचं घर. मी पायरीवर उभा राहिलो तर आतून गार हवेचा झोत आला आणि मला पहिल्यांदा वाटलं, हूपरला हे एअर कंडिशनर मिळालं असतं तर सिनेमा पडला असता.

दुसरी जागा बॅस्ट्रॉपजवळची, त्या पेट्रोल नसलेल्या पंपाची. ज्यांनी सिनेमा पाहिलाय त्यांना आठवेल, पंपाचा मालक बार्बेक्यू विकायचा आणि ते मांस कुठलं हे आपल्याला उशिरा कळतं. आज त्या पंपावर खरोखरच बार्बेक्यू मिळतं. पेट्रोल अजूनही नाही. जावयाने हौसेने मोठं ताट मागवलं. मी पक्का मांसाहारी माणूस, पांढऱ्या रश्श्यावर वाढलेला. त्या दिवशी बटाट्याच्या सॅलडवर भागवलं.